बीटलचा मागचा टॉर्शन बार बदलताना: कोन आधी, पाना नंतर

फोक्सवॅगन बीटलचं मागचं सस्पेन्शन सुधारायला घेतलेल्या गाड्या बहुतेक एकाच जागी बिघडतात. नवे जाड टॉर्शन बार (स्वतः पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) आणले जातात, जुने उपसले जातात, नवे त्याच दात्यांवर बसवले जातात, आणि गाडी खाली उतरवली की मागची बाजू टोळासारखी उभी राहते. किंवा डावीकडे ठीक, उजवीकडे दोन बोटं खाली. मग सगळं पुन्हा खोलायचं. तिसऱ्यांदा खोलताना बोल्टचे आटे जातात.

पार्ट चांगलेच असतात, चुकतो तो क्रम. मोजमाप गाडी खोलण्याआधी करायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच हात शिवशिवत असतात.

हा लेख टॉर्शन बार आणि स्प्रिंग प्लेट (बारचं बाहेरचं टोक अ‍ॅक्सलशी जोडणारी पोलादी पट्टी) असलेल्या बीटलसाठी आहे. काम एकंदर असं: जाड बार, नवे बुश (प्लेटला आधार देणारी रबरी कडी), नवे शॉकअब्सॉर्बर आणि स्विंग अ‍ॅक्सल असेल तर त्याला आवर घालणारी एक वस्तू. टॉर्कचे आकडे आणि कारखान्याचा ठरलेला कोन वर्षानुसार आणि मॉडेलनुसार बदलतात. ते तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्याच्या गाडीवरून नको.

## आधी ओळखा: गाडी कोणत्या जातीची आहे

गाडीखाली डोकवा. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत एक जाड नळी गेली असेल आणि गिअरबॉक्सजवळ मोठा रबरी भाता असेल, तर तो स्विंग अ‍ॅक्सल. दर बाजूला उघडा शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंटचे (कोनातही शाफ्ट फिरवणाऱ्या सांध्यांचे) छोटे भाते आणि तिरका ट्रेलिंग आर्म दिसला, तर ती आयआरएस, म्हणजे स्वतंत्र मागचं सस्पेन्शन.

हे ओळखणं बार मागवण्याआधी गरजेचं आहे. स्विंग अ‍ॅक्सलचे बार आखूड असतात, आयआरएसचे लांब. दाते दोन्हींवर सारखे दिसतात, त्यामुळे खोक्यातून काढल्यावर फरक चटकन लक्षात येत नाही. जुना बार बाहेर काढून शेजारी ठेवला की मग कपाळावर हात जातो.

स्विंग अ‍ॅक्सलच्या गाडीचं आयआरएसमध्ये रूपांतर करता येतं, पण ती या लेखाची कामगिरी नाही. त्यासाठी चॅसिसवर ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, आर्म आणि शाफ्ट बदलावे लागतात, गिअरबॉक्सही त्या जातीचा लागतो. ब्रॅकेट दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर गाडी आयुष्यभर तिरकी चालते. जिग (वेल्ड करताना ब्रॅकेट नेमक्या जागी धरणारा साचा) नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

## काय बसवायचं, आणि काय मुळीच नाही

बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २२ मिमीच्या जागी त्याच लांबीचा २४ मिमी बार घातला तर कडकपणा साधारण १.४२ पट होतो. २६ मिमीला तो १.९५ पट होतो आणि २८ मिमीला २.६ पट. ‘फक्त दोन मिलिमीटर’ म्हणताना हे ध्यानात असू द्या. रोजच्या वापराच्या, मूळ इंजिनाच्या गाडीला २४ मिमीच्या पुढे जायचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. २८ मिमीचा बार घातलेली गाडी खडबडीत रस्त्यावर एकट्या चालकाला घेऊन नुसती उड्या मारते, आणि उडालेल्या टायरची पकड शून्य असते.

स्विंग अ‍ॅक्सलला मागून अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी आडवी सळई) लावू नका. या अ‍ॅक्सलचा मूळ दोष असा आहे की जोरात वळताना गाडीचं बूड वर उचललं जातं, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायला लागतं आणि मागची बाजू अचानक सुटते. मागचा अँटी-रोल बार वळणावर बाहेरच्या चाकावर आणखी भार ढकलतो, म्हणजे रोगालाच खतपाणी. इथे कॅम्बर कॉम्पेन्सेटर हवा. गिअरबॉक्सखालून आडवी जाणारी ही पट्टीची स्प्रिंग दोन्ही अ‍ॅक्सल नळ्यांना खालून धरते आणि त्यांना फार खाली लोंबू देत नाही. काही स्विंग अ‍ॅक्सल बीटलना कारखान्यातूनच झेड आकाराचा इक्वलायझर बार येतो. तो शाबूत असेल तर आधी त्याचेच रबर बदला. दोन्ही एकत्र लावायची गरज नाही.

आयआरएसला मागचा अँटी-रोल बार चालतो. तोही पुढचा आधी सुधारल्यावर.

## तयारी: आठवडाभर आधीपासून

गंजलेले बोल्ट कामाच्या सकाळी तेल पाजून सुटत नाहीत. चार-पाच दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा: स्प्रिंग प्लेटच्या कव्हरचे चार बोल्ट, प्लेट आणि अ‍ॅक्सल जोडणारे तीन बोल्ट, शॉकअब्सॉर्बरचे वरचे-खालचे बोल्ट, आणि मागच्या फेंडरचे पुढच्या-खालच्या कोपऱ्यातले, फुटबोर्डाजवळचे बोल्ट. फेंडरचं नाव ऐकून लोक चक्रावतात. पण बार सरळ बाहेर ओढला की तो नेमका फेंडरच्या त्या कोपऱ्यावर आपटतो. कोपरा सुटा करून बाहेर ओढून धरावा लागतो. हे ऐन वेळी कळलं तर माणूस बार वाकडा ओढतो आणि त्याच्यावर ओरखडा पाडतो.

हाताशी ठेवा:

- ट्रॉली जॅक, मजबूत स्टँडची जोडी, पुढच्या चाकांना लावायला लाकडी ओट
- दुसरा छोटा जॅक, अ‍ॅक्सल धरायला
- मीटरभर लांब पहार आणि जाड साखळी
- दशांश अंशापर्यंत दाखवणारा डिजिटल कोनमापक
- टॉर्क रेंच, तारेचा ब्रश, छिन्नी, रंगाचं पेन
- कव्हरच्या बोल्टच्याच आट्यांचे, पण चांगले लांब असे दोन बोल्ट
- वही

मागचे ड्रम काढायची गरज नाही. तेलाचा सील किंवा बेअरिंगही करणार असाल, तर ३६ मिमीचा तो मोठा नट गाडी चाकांवर असतानाच सैल करा. तो ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. स्टँडवरच्या गाडीवर तेवढा जोर लावणं म्हणजे गाडी अंगावर घेणं.

## पायरी १: गाडी चाकांवर असताना मापं

टायरमधली हवा सारखी करा. जागा सपाट हवी. खाली सरकायला जागा हवी असेल तर चारही चाकांखाली सारख्याच उंचीचे ठोकळे द्या. गाडी हातानं दोन-तीन मीटर मागेपुढे ढकला, बूड दाबून सोडा, मग मोजा. जॅकवरून नुकतीच उतरलेली गाडी आपल्या खऱ्या उंचीवर बसत नाही. स्विंग अ‍ॅक्सलची तर मुळीच नाही, कारण टायर आत ओढलेले राहतात.

वहीत दर बाजूच्या तीन नोंदी करा:

१. जमिनीपासून टॉर्शन बारच्या कव्हरच्या मध्यापर्यंतची उंची. फेंडरच्या कडेपासून मोजू नका. जुन्या गाडीचे दोन फेंडर कधीच सारखे नसतात.

२. दाराखालच्या उंबऱ्याचा कोन.

३. स्प्रिंग प्लेटच्या सरळ कडेचा कोन. तिसऱ्यातून दुसरा वजा केला की ‘भाराखालचा कोन’ मिळतो. प्लेट मागे जाताना किती अंश खाली झुकते, तो हा कोन.

> तपासा: डाव्या-उजव्या उंचीत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर कारण आधी शोधा. बार थकलेला असेल, मागच्या कुणीतरी एका बाजूला दात चुकवला असेल, किंवा पुढचा अ‍ॅक्सल गाडी तिरकी धरत असेल. पुढचा दोष मागच्या बारनं झाकायला जाऊ नका.

## पायरी २: उचलणं

पुढच्या चाकांना ओट लावा, दोन्ही बाजूंनी. बीटलचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो, आणि गाडी पुढे घरंगळू शकते. जॅक इंजिनाच्या तेलाच्या तळपत्र्याखाली लावू नका, पत्रा आत जातो. स्टँड टॉर्शन बारच्या आडव्या नळीच्या टोकांजवळ, दोन्हीकडे सारख्या उंचीवर.

गाडी हातानं जोरात हलवून बघा. स्टँड किंचितही डुलला तर परत लावा. पुढे या गाडीवर पहार चालवायची आहे.

हँडब्रेक सोडा आणि दोराचे नट लिव्हरपाशी ढिले करा, नाहीतर अ‍ॅक्सल मागे सरकवताना दोर ओढला जातो.

## पायरी ३: एकच बाजू खोला

एकच. दुसऱ्या बाजूला हात लावू नका, ती तुमचा नमुना आहे. वॉशर कुठल्या क्रमानं होता, ब्रेकची नळी कुठून वळत होती, हे विसरलात की पलीकडे जाऊन बघता येतं. दोन्ही बाजू एकदम खोलणाऱ्याला रात्री फोटोत वॉशर शोधावे लागतात.

चाक काढा. अ‍ॅक्सलखाली छोटा जॅक लावून त्याचा भार घ्या आणि मगच शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढा. चाक खाली जाण्याची मर्यादा शॉकअब्सॉर्बरच धरून असतो. जॅक न लावता बोल्ट काढलात तर अ‍ॅक्सल धपकन खाली येतो आणि ब्रेकच्या रबरी नळीवर लटकतो. इक्वलायझर बार असेल तर त्याचे दुवे आधी सोडा.

आता प्लेट आणि अ‍ॅक्सल जिथे जोडले आहेत, तिथे दोन्हींवर मिळून छिन्नीनं एक बारीक रेघ ओढा. तिथली छिद्रं लांबट असतात आणि चाकाचा टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळलंय ते) तिथेच ठरतो. मी पहिल्या वेळी खडूनं खूण केली होती. संध्याकाळी सगळे पार्ट केरोसीननं छान धुतले आणि खूणही धुऊन टाकली. पुढचे दोन महिने गाडी खेकड्यासारखी चालत होती. खडू नको, छिन्नी.

तीन बोल्ट काढून अ‍ॅक्सल प्लेटमधून मागे सरकवा आणि जॅकवरच टेकवून ठेवा. आयआरएसमध्ये ट्रेलिंग आर्म त्याच्या पिव्हट बोल्टवर राहू द्या. बुश बदलायचे असतील तरच तो काढा, आणि काढताना वॉशर कुठल्या बाजूला किती आहेत त्याचा फोटो आधी घ्या. शाफ्ट सोडायचा असेल तर सीव्हीच्या बोल्टच्या डोक्यातली घाण टोच्यानं खरवडून काढा. घाणीवर टेकलेला पाना अर्धाच आत जातो आणि डोकं गोल करून टाकतो.

## पायरी ४: प्लेट ताणातून सोडवणं

या कामातला धोका इथे आहे. स्प्रिंग प्लेट मोकळी दिसते, पण ती ओतीव हाउसिंगच्या खालच्या ओठावर ताणानं टेकलेली असते. ओठावरून निसटली की ती कित्येक अंश खाली झटका मारते.

> सावधान: प्लेटच्या मागच्या टोकाच्या रेषेत, वर किंवा खाली, डोकं, हात, गुडघा काहीही नको. लहान मुलं आणि बघे यांना बाहेर काढा.

ट्रॉली जॅक प्लेटच्या मागच्या टोकाखाली लावा. जॅक, प्लेट आणि टॉर्शन नळी यांना साखळीचा वेढा द्या, म्हणजे जॅक सटकला तरी प्लेट उडणार नाही. आता प्लेट ओठापासून केसभर वर येईल इतकंच जॅक चढवा. गाडी स्टँडवरून उचलली जातेय का ते बघत राहा. उचलली जात असेल तर थांबा आणि गाडीत त्या बाजूला मागे वजन ठेवा.

कव्हरचे चार बोल्ट आळीपाळीनं सैल करून कव्हर काढा. पहारीनं प्लेटचा खालचा भाग ओठाच्या बाहेर ओढा आणि जॅक सावकाश, अगदी सावकाश उतरवा. जॅक प्लेटपासून सुटा झाला की ताण संपला. कामातला भीतीचा भाग तेवढाच.

## पायरी ५: मोकळा कोन

अजून काही ओढू नका. लटकलेली प्लेट बोटानं किंचित वर उचलून दात्यांतला ढिलेपणा काढा आणि तशीच धरून तिचा कोन घ्या. उंबऱ्याचा कोन पुन्हा घ्या, कारण गाडी आता स्टँडवर आहे आणि तिचा कल बदलला आहे. वजाबाकी वहीत लिहा. हा ‘मोकळा कोन’.

आता गणित. याला दहा मिनिटं लागतात आणि दोन रविवार वाचतात.

मोकळा कोन वजा भाराखालचा कोन, एवढा बार गाडीच्या वजनानं पिळला जातो. नवा बार कडक असल्यामुळे कमी पिळला जाणार. गाडी आहे त्याच उंचीवर ठेवायची असेल तर जुन्या पिळाला कडकपणाच्या पटीनं भागा आणि त्यात भाराखालचा कोन मिळवा. तो तुमचा नवा मोकळा कोन.

समजा मोकळा कोन १८ अंश आणि भाराखालचा ३ अंश आहे. पीळ झाला १५ अंश. २२ मिमीचा बार जाऊन २४ मिमी येतोय, म्हणून १५ भागिले १.४२, म्हणजे साधारण १०.६. त्यात ३ मिळवले की १३.६ अंश. बार जुन्याच १८ अंशांवर बसवला असता तर प्लेट ७.४ अंशांवर येऊन थांबली असती. स्प्रिंग प्लेट ४०० मिमीच्या घरातली धरली तर एका अंशाला उंचीत जवळपास ७ मिमी फरक पडतो. म्हणजे गाडीचं बूड ३० मिमी वर! स्विंग अ‍ॅक्सलमध्ये बूड वर गेलं की चाकांचे माथे बाहेर झुकतात आणि वळणावर सुटायला गाडी आणखी तयार होते. सस्पेन्शन ‘सुधारून’ गाडी जास्त धोकादायक होते ती अशी.

गाडी थोडी खाली बसवायची असेल तर जितके मिलिमीटर हवेत त्यांना ७ नं भागून तेवढे अंश आणखी कमी करा. १५-२० मिमीच्या पुढे जाताना बंप स्टॉपचं (अ‍ॅक्सल फार वर आला की अडवणारं) रबर आणि अ‍ॅक्सल यांच्यात किती जागा उरते ते आधी मोजा. रबर कापून जागा करू नका.

## पायरी ६: बार बाहेर

फेंडरचा कोपरा मोकळा करून बाहेर ओढून धरा. प्लेट बारवरून काढा, मग बार सरळ ओढा. वाटेत कुठे धातू लागणार असेल तर तिथे कापड गुंडाळा.

जुना बार परत वापरणार असाल तर उजेडात फिरवून बघा. गंजाचे खड्डे किंवा नखाला लागेल असा ओरखडा असलेला बार टाकून द्या. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. रंग उडाला असेल तर गंज धरण्याआधी रंग द्या.

तुटलेला बार निघाला तर आतला तुकडा उपसायला पक्कडीनं झगडू नका. पलीकडचा बार काढा आणि त्या बाजूनं लोखंडी सळई घालून तुकडा बाहेर ठोका. ‘एकच बाजू’ या नियमाला हा एक अपवाद. पलीकडची मापं तेवढी आधी घ्या.

## पायरी ७: साफसफाई आणि बुश

दात्यांमधलं जुनं ग्रीस, माती, गंज ब्रशनं पूर्ण काढा. हाउसिंगच्या आतली कड बोटानं चाचपा. तिथल्या गंजाच्या पापुद्र्यामुळे नवा बुश तिरका बसतो.

रबरी बुशवर जर्मन ‘ओबेन’ हा शब्द उठवलेला दिसेल. त्याचा अर्थ ‘वर’. ती बाजू वर ठेवा. रबराला ग्रीस किंवा तेल लावू नका, ते फुगून मऊ पडतं. टाल्कम पावडर भुरभुरवा.

युरिथेनचे बुश घेतले असतील तर उलट. त्यांना त्यांच्यासोबतचं खास ग्रीस सढळ हातानं, आतून-बाहेरून लावा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर जुन्या दाराची करकर ऐकू येते. शिवाय काही युरिथेन बुश अंमळ जाड निघतात. बार न घालता नुसती प्लेट, बुश आणि कव्हर बसवून बघा.

> तपासा: कव्हर आवळल्यावर प्लेट हातानं, थोडा जोर लावून का होईना, वर-खाली फिरली पाहिजे. गच्च अडकत असेल तर बुश घासून कमी करा. अडकलेला बुश स्प्रिंगसारखा वागतो आणि तुमचं सगळं कोनाचं गणित खोटं पाडतो.

## पायरी ८: कोन लावणं

नव्या बारच्या टोकावर डावा-उजवा असा शिक्का असतो. बार कारखान्यातच एका दिशेनं पिळून ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल चालत नाही. चुकीच्या बाजूला घातलेला बार बसतो बरोबर, पण लवकर ढिला पडतो किंवा तुटतो.

बारच्या आतल्या टोकाला ४० दाते आहेत, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दात म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक दात म्हणजे ८.१८ अंश. नुसता आतला एक दात सरकवला तर गाडी ६० मिमीच्या वर उठते किंवा बसते. बारीक फरक हवा असेल तर दोन्ही टोकं उलट दिशांना फिरवायची: बार आतल्या बाजूला एक दात वर, प्लेट बाहेरच्या बाजूला एक दात खाली. निव्वळ फरक ०.८२ अंश, उंचीत ६ मिमीच्या आत.

वरच्या उदाहरणात प्लेट ४.४ अंश वर यायला हवी. ०.८२ च्या पटीतली जवळची संख्या पाच दात्यांवर मिळते, ४.१ अंश. म्हणजे बार आत पाच दात वर, प्लेट बाहेर पाच दात खाली. गाडी आधीपेक्षा दोन-एक मिलिमीटर वर बसेल, तेवढं चालतं.

दाते मोजणं हा अंदाज आहे, खरा निकाल कोनमापकाचा. दोन्ही टोकांच्या दात्यांना ग्रीस लावा, बार आत सरकवा, प्लेट बसवा, ढिलेपणा काढून कोन वाचा. जुळत नसेल तर प्लेट काढा, बार इंचभर बाहेर ओढा, एक दात फिरवा, पुन्हा. सहा-सात वेळा करावं लागतं, प्रत्येकालाच लागतं. वहीत प्रत्येक प्रयत्नाचा आकडा लिहा, नाहीतर त्याच दात्यावर तीनदा येऊन जाल.

> तपासा: दुसरी बाजू करताना दोन्ही मोकळ्या कोनांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

## पायरी ९: प्लेट पुन्हा ताणात

पायरी ४ उलटी. साखळी परत लावा. बाहेरचा बुश बसवा, कव्हर लावा, पण समोरासमोरच्या दोन छिद्रांत लांब बोल्ट घाला, कारण मूळ बोल्ट अजून आट्यांपर्यंत पोचणार नाहीत. लांब बोल्ट हलके आवळून प्लेट जागेवर धरा. प्लेटखाली जॅक चढवत तिला ओठाच्या वर न्या. जाड बारला जोर जास्त लागतो, गाडी उचलली जातेय का ते पुन्हा बघा. ओठाच्या वर गेली की लांब बोल्ट आळीपाळीनं आवळत प्लेट आत ओढा, मग जॅक हळूच उतरवून ती ओठावर टेकवा. मूळ बोल्ट दोन रिकाम्या छिद्रांत आधी, मग लांब बोल्टच्या जागी.

अ‍ॅक्सल पुढे सरकवा, छिन्नीची रेघ रेघेला जुळवा, तीन बोल्ट टॉर्कनं आवळा. सीव्हीचे बोल्ट काढले असतील तर त्यांचे दातेरी वॉशर नवे घाला आणि फुलीच्या क्रमानं आवळा.

आता दुसरी बाजू.

## पायरी १०: शॉकअब्सॉर्बर आणि कॉम्पेन्सेटर

नवा तेलाचा शॉकअब्सॉर्बर खोक्यात आडवा पडून असतो. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा निघेपर्यंत. गाडी खाली बसवली असेल तर त्या उंचीचा शॉकअब्सॉर्बर घ्या. मूळ लांबीचा असला तर खड्ड्यात त्याला दबायला जागा कमी उरते.

त्याचे बोल्ट आत्ता नुसते हातानं घट्ट करा. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरल्यावर. लटकत्या स्थितीत आवळलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

कॅम्बर कॉम्पेन्सेटर सर्वांत शेवटी, उंची पक्की झाल्यावर. आधी लावला तर कुठली स्प्रिंग गाडीला धरून आहे ते कळेनासं होतं. तो गाडीचा सर्वांत खालचा भाग ठरतो, तेव्हा जमिनीपासूनचं अंतर बघून घ्या.

## पायरी ११: उतरवणं आणि तपासणी

उतरवण्याआधी अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबू द्या आणि ब्रेकची रबरी नळी बघा. ताणली जाता कामा नये. मग जॅकनं अ‍ॅक्सल बंप स्टॉपपर्यंत वर न्या आणि टायर, फेंडर, हँडब्रेकचा दोर यांच्यात बोट जातं का ते बघा. फेंडरचे बोल्ट आणि हँडब्रेक परत जुळवा.

गाडी चाकांवर आली की ढकला, दाबा, मोजा. पायरी १ चीच मापं, त्याच जागी. पाच-सहा मिमीचा फरक ठीक. एक बाजू ६० मिमीनं वेगळी असेल तर आतला एक दात चुकलाय, सरळ परत खोला. दोन्ही बाजू सारख्याच वर असतील तर घाई नको. नवे बार थोडे बसतात. दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजा.

अलाइनमेंट मात्र पहिल्याच दिवशी, मागच्या चाकांसकट. पुष्कळ ठिकाणी ‘मागे काही करायचं नसतं’ म्हणून फक्त पुढची करून देतात. बीटलमध्ये मागचा टो त्या लांबट छिद्रांतूनच जुळवायचा असतो, हे त्यांना दाखवून द्या.

आणखी दोन गोष्टी हमखास राहून जातात. मागची उंची बदलली की हेडलाइटचा झोतही बदलतो. भिंतीसमोर गाडी उभी करून तो पुन्हा लावा. आणि गिअर ऑइलची पातळी गाडी सपाट उभी असताना बघा. अ‍ॅक्सल हलवताना स्विंग अ‍ॅक्सलचे जुने भाते फाटतात, आणि तेल गळाल्याचं दुसऱ्या दिवशी जमिनीवरच्या डागावरून कळतं.

पन्नास किलोमीटरनंतर कव्हरचे, अ‍ॅक्सलचे आणि सीव्हीचे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा बघा, पाचशेनंतर आणखी एकदा. वळताना मागून एकच ‘टक्’ ऐकू आला तर आधी त्या तीन बोल्टांकडे जा. तिथली छिन्नीची रेघ जुळलेली नसेल तर अ‍ॅक्सल सरकलाय.